फाइलच्या नावातली गळलेली शून्यं : इंटिग्रेशन सर्व्हरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक साहाय्य विभागप्रमुख

विषय : अपडेटनंतर फाइलच्या नावातील मिलीसेकंदांची शून्यं गळत असल्याबाबत, आणि दुरुस्ती न करताच आमची तक्रार बंद केल्याबाबत

महोदय,

आमचा कारखाना चाकणला आहे. आम्ही मोटारींसाठी ब्रॅकेट आणि पाइप बनवतो. ग्राहक कंपनीकडून येणारे ईडीआय संदेश (कंपन्यांच्या संगणकांमधली ठरावीक साच्यातली देवाणघेवाण) तुमचा इंटिग्रेशन सर्व्हर उतरवून घेतो, त्यांच्या फाइली करून एका फोल्डरमध्ये टाकतो आणि तिथून आमची ईआरपी (कारखान्याचा कारभार सांभाळणारी संगणक प्रणाली) त्या नावाच्या क्रमानं उचलते. ही मांडणी तुमच्याच माहितीपुस्तिकेत दिलेली आहे. त्यात रोजचा डेलजिट हा मालाच्या मागणीचा संदेश सगळ्यात महत्त्वाचा. कोणता पार्ट, किती नग, किती वाजता, कोणत्या गेटवर, हे तो सांगतो. डिस्पॅचची गाडी त्याच्यावर भरते.

दिवाळीनंतर आम्ही तुमचा अपडेट टाकला. तेव्हापासून सर्व्हर नावात वेळ लिहिताना मिलीसेकंदांच्या आकड्याच्या सुरुवातीची शून्यं गाळतो. ९१ मिलीसेकंद असतील तर पूर्वी ०९१ लिहायचा, आता नुसतं ९१ लिहितो. पुस्तिकेत मात्र आजही ‘मिलीसेकंद, तीन अंकी’ असंच छापलेलं आहे.

एवढ्यानं काय बिघडतं, असं तुमच्या पहिल्या उत्तरात विचारलं होतं. म्हणून आमच्याकडच्या दोन फाइलींची नावं इथे देतो. पहिल्या फाइलच्या नावातली वेळ (तास, मिनिटं, सेकंद, मिलीसेकंद या क्रमानं) आहे ०९१५०७९१ आणि दुसरीची ०९१५०७१४०. (ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे; आपल्याकडचे दुपारचे पावणेतीन. त्याबद्दल तक्रार नाही.) दोन्ही एकाच सेकंदातल्या. पहिली ९१व्या मिलीसेकंदाला तयार झाली, दुसरी १४०व्या. पण नावांची तुलना अक्षरानुसार होते. सेकंदांपर्यंत दोन्ही सारखी, पुढे एकीत ९ आणि दुसरीत १, म्हणून नंतर आलेली फाइल आधी उचलली जाते. शून्य असतं तर ०९१ आणि १४० हा क्रम बरोबर लागला असता.

पहिल्या फाइलमध्ये एका ब्रॅकेटचे २४० नग होते. दुसरीत त्याच ब्रॅकेटची सुधारित मागणी होती, ४०० नग. ईआरपीनं आधी ४०० घेतले आणि मग त्यावर जुने २४० चढवले. गाडी २४० घेऊन गेली. ग्राहकाच्या लाइनवर १६० नग कमी पडले, तिथून फोन आला, आणि आम्हाला वेगळा टेम्पो करून माल पाठवावा लागला. आमच्या डिलिव्हरी रेटिंगचे गुण कापले गेले ते वेगळंच. डिस्पॅचच्या मुलांनी त्या दिवशी पुष्कळ बोलणी खाल्ली. त्यांनी तर स्क्रीनवर दिसेल तसाच माल भरला होता. त्यांच्यावर आळ आला याचं मला टेम्पोच्या भाड्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

एका पार्टचे दोन संदेश एकाच सेकंदात येतातच कसे, असाही तुमचा प्रश्न होता. ग्राहकाची लिंक अधूनमधून अडकते. ती सुटली की साचलेले सगळे संदेश एकदम उतरतात आणि तुमचा सर्व्हर ते एक-दोन सेकंदांत हातावेगळे करतो. मूळ मागणी आणि सुधारित मागणी पाठोपाठ येण्याची वेळ नेमकी हीच. हजार मिलीसेकंदांपैकी शंभराच्या आतले शंभरच, म्हणजे दहांत एकदाच शून्य गळतं. बाकी वेळा सगळं सुरळीत दिसतं, म्हणूनच हा दोष घातक आहे. रोज बिघडलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

यावर तुमच्या इंजिनिअरनी सुचवलं की नावात वेळेऐवजी संदेशाचा जीयूआयडी, म्हणजे संगणकानं दिलेला एकमेव ओळख क्रमांक, टाका. ३६ अक्षरांचा तो क्रमांक प्रत्येक फाइलला वेगळं नाव देईल हे मान्य, पण त्यावरून कोणती फाइल आधीची हे कळत नाही. आमचं दुखणंच क्रमाचं आहे! मग सांगितलं की संदेशाच्या आतली वेळ वाचा. आमचे संदेश ईडीफॅक्ट या ईडीआयच्या प्रमाण साच्यात येतात; त्याच्या यूएनबी या सुरुवातीच्या भागात वेळ तास आणि मिनिटांपर्यंतच असते, तिथे सेकंदसुद्धा नसतात. ईडीआयवर काम करणाऱ्या माणसाला हे सांगावं लागू नये. शेवटी ‘प्रणाली रचनेनुसार चालते आहे’ असा शेरा मारून तक्रार बंद केली. पुस्तिकेत तीन अंक आणि फाइलीत दोन, यातली रचना कोणती?

सध्या आम्ही मधे एक छोटी स्क्रिप्ट बसवली आहे. ती प्रत्येक नाव तपासते, कमी पडणारी शून्यं भरते आणि मगच फाइल ईआरपीच्या फोल्डरमध्ये सोडते. काम मोजक्या ओळींचं आहे. पण तुमच्या सर्व्हरचं काम आम्ही किती दिवस करायचं? तुमच्या पुढच्या अपडेटनंतर ती स्क्रिप्ट चालेल याची हमी कोण देणार?

आमची तक्रार पुन्हा उघडा आणि तिला दोष म्हणून नोंदवा. आम्ही वापरतो त्याच आवृत्तीसाठी हॉटफिक्स, म्हणजे फक्त या दोषाची तातडीची दुरुस्ती, द्या. ‘पुढच्या एकत्रित अपडेटमध्ये बघू’ हे उत्तर आम्हाला चालणार नाही, कारण त्या अपडेटची तारीख तुमचा कोणीच माणूस देत नाही. तेच काम करताना मिलीसेकंदांनंतर चढता अनुक्रमांकही जोडा. विंडोजचं घड्याळ सर्वसाधारणपणे १० ते १६ मिलीसेकंदांच्या टप्प्यानं पुढे सरकतं, त्यामुळे लागोपाठच्या दोन संदेशांवर तीच वेळ पडू शकते आणि तिथे शून्यं भरूनही क्रम लागणार नाही.

हा अपडेट टाकलेल्या बाकीच्या ग्राहकांनाही लेखी कळवा. आमच्याकडे ब्रॅकेट कमी पडले. दुसरीकडे कुणी याच सर्व्हरमधून बँकेच्या पेमेंटच्या फाइली पाठवत असेल, औषधांच्या ऑर्डरी घेत असेल. दहांतल्या नऊ वेळा सगळं नीट दिसत असल्यामुळे त्यांना अजून पत्ताही नसेल.

दोन्ही फाइली, सर्व्हरचा त्या वेळेचा लॉग आणि पुस्तिकेतलं संबंधित पान सोबत जोडलं आहे. आमचा टेस्ट सर्व्हर तुमच्या इंजिनिअरसाठी कधीही मोकळा करून देऊ. हॉटफिक्स कोणत्या तारखेला मिळेल ते लेखी कळवावं. वार्षिक सपोर्ट कराराच्या नूतनीकरणाचा कागद माझ्या टेबलावर आहे, आणि ती तारीख हातात आल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही.

आपला,
आयटी विभागप्रमुख
चाकण, जि. पुणे