बाबा, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवा

ती. आई आणि ती. बाबांना
साष्टांग नमस्कार.

फोन रोज करते, पण फोनवर हे बोलणं होत नाही. दोन वाक्यं झाली की बाबा "हां हां, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. म्हणून जाड पेनाने, मोठ्या अक्षरात लिहितेय. आई, एवढं मोठं अक्षरही तुला दिसणार नाही, ठाऊक आहे. बाबा, तुम्हीच तिला वाचून दाखवा. तिचे डोळे तुम्ही आणि तुमचे कान ती, असं दोन वर्षं चाललंय. शेजारी त्याचं कौतुक करतात. मला भीती वाटते, कारण दोघांपैकी एक जण घरात नसला की दुसऱ्याचं काय, ते मी गेल्या रविवारी पाहिलं.

आई मंडईत गेली होती. मी दाराबाहेर दहा मिनिटं बेल वाजवत होते. कुकरच्या शिट्ट्या मला जिन्यात ऐकू येत होत्या आणि बाबांना आतल्या खोलीत नाही. डाळ करपली, तेवढ्यावर निभावलं. त्यावर बाबा म्हणाले, "वय झालं, चालायचंच." हे "चालायचंच" मला पटत नाही.

बाबा, तुम्ही म्हणता की तुम्हाला ऐकू येतं, लोकच पुटपुटतात. तुम्ही खरं तेच सांगता. वयाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे, बारीक आवाज जातात. जाड आवाज येत राहतात, म्हणून कोणी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. स, श, ख, फ ही अक्षरं हरवतात. आई "कात्री" म्हणते, तुम्ही "खात्री" ऐकता. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज बारीक, म्हणून चिनूचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आजोबा माझ्याशी बोलत नाहीत, असं त्याला वाटतं.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाणं तुम्ही गणपतीनंतर सोडलंत. गुडघ्याचं कारण सांगता, पण सिद्धिविनायकाला तर चालत जाता. चार जण एकदम बोलले की काही कळत नाही आणि चुकीच्या जागी हसायची पाळी येते, हेच ना? माणसांतून असं उठून जाणं मला बहिरेपणापेक्षा जास्त सलतं. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येतं अशा १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत कमी ऐकू येणंही आहे आणि उपचार न केलेली अधू नजरही. म्हणजे आपल्या घरात दोन्ही.

तीन वर्षांपूर्वी दुकानातून आणलेलं ते कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून आहे. "सगळा गोंगाटच वाढतो," म्हणून तुम्ही काढून ठेवलंत, आणि ते बरोबरच होतं. चाचणी न करता दिलेलं ते यंत्र सगळेच आवाज सरसकट मोठे करत होतं. आधी दोन्ही कानांची श्रवणचाचणी हवी. कोणत्या पट्टीत किती डेसिबल कमी आहे ते कळलं की तेवढंच वाढवणारं यंत्र बसवता येतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून तिथे हेच काम चालतं. आपल्याला माहीम ओलांडलं की झालं. नव्या यंत्राने आधी पंख्याची घरघर, नळाचं पाणी, पेपरची सळसळ बोचेल. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. पावसाळ्यात रात्री ते ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. आणि कानात कोमट तेल, पिन, काडी आजपासून बंद. मळ असला तर डॉक्टर काढतील.

आई, तूही स्वयंपाकघरातून हाक मारू नकोस. समोर ये, टीव्ही बंद कर, सावकाश बोल. ओरडलं की शब्द उलट फाटतात.

आता तुझं. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची, हे आजीच्या काळचं. आता बारीक छेद घेऊन, ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढतात आणि घडीचं नवं भिंग बसवतात. बहुतेकदा टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. फार पिकू दिला तर शस्त्रक्रियाच अवघड होते.

पण माझा जीव मोतीबिंदूत अडकलेला नाही. तुझी आई, म्हणजे माझी आजी, आठवते ना, भिंतीला खांदा घासत चालायची? ताटातला भात दिसायचा, बाजूची वाटी दिसायची नाही. आपण सगळे म्हणायचो, म्हातारपण. तो काचबिंदू होता, कळला तेव्हा एक डोळा गेलेला होता. बहुतेकदा दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेची नजर गुपचूप खातो, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र रोजच्या थेंबांनी राखता येते. आईला असेल तर मुलांना धोका जास्त, म्हणून मी माझेही डोळे तपासून घेतले. तुला तर मधुमेहही आहे, म्हणजे वर्षातून एकदा पडदा तपासायलाच हवा. शेजारच्या काकूंनी दिलेले थेंब टाकून दे. त्यांत स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

दातांचं थोडक्यात. बाबा, कवळी डबीत ठेवून दुधात पोळी कुस्करून खाणं पुरे. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, म्हणून कवळी सैल होते. ती आतून भरून घेता येते. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात दाखवू. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नाही, वाकडी होते. आई, हिरड्यांतून रक्त येतं म्हणून मशेरी लावतेस, ती तंबाखू आहे गं. हिरड्या सुजल्या की साखर आवरत नाही आणि साखर वाढली की हिरड्या सुजतात. आणि बाबांचा एखादा दात काढायची वेळ आली तर रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

मी मंगळवारी आणि गुरुवारी रजा टाकलीय. मंगळवारी कान. सकाळी आठला येते, बाबा, ड्रॉवरमधलं मशीन काढून ठेवा, तिथे दाखवू. गुरुवारी आईचे डोळे. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा आई, माझा हात सोडायचा नाही. साखरेचे रिपोर्ट आणि जुना चष्मा पिशवीत घाल.

चिनूला शाळेत गोष्ट सांगायचीय, ती आधी आजोबांना ऐकवायची म्हणतो. मी त्याला थोडं थांबायला सांगितलंय.

तुमची,
मीनू