सोसायटीच्या ॲपची चावी कुणाकडे?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी कोपरखैरण्याला राहतो, महापेला एका कंपनीत बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या मागच्या सर्व्हर आणि डेटाचं, काम करतो. आमच्या सोसायटीने गेटसाठी ॲप करून घेतलंय, कोण आलं कोण गेलं ते वॉचमन टॅबवर टाकतो आणि आपल्याला मोबाईलवर कळतं. करून देणारा म्हणाला सर्व्हर वगैरे काही लागत नाही, सगळं गुगलच्या फायरबेसवर, म्हणजे ॲपचा डेटा ठेवायच्या तयार सेवेवर, राहतं आणि तेही फुकटात. कमिटीला पटलं. मलाही तेव्हा खटकलं नाही कारण फायरबेस मी स्वतः वापरतो आणि चांगलंच आहे ते.

यंदा थंडीत ॲप रोज संध्याकाळी बंद पडायला लागलं. वॉचमनकाका म्हणायचे, उद्या दुपारी दीडला होईल चालू, आणि खरंच दीडच्या सुमाराला व्हायचं. सगळे म्हणत होते टॅब खराब आहे. झालं होतं असं की फायरस्टोअरच्या (फायरबेसमधला डेटाबेस) फुकट प्लॅनमध्ये दिवसाला 50 हजार रीड मिळतात, एक नोंद वाचली की एक रीड, आणि तो दिवस आपल्या रात्री बाराला बदलत नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्रीचे बारा वाजतात तेव्हा बदलतो, म्हणजे थंडीत आपल्याकडे दुपारी दीड. आणि हे ॲप व्हिजिटरची स्क्रीन उघडली की फक्त आजच्या नोंदी मागवायच्या सोडून पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या मागवायचं. तोवर 4 हजारांवर नोंदी झालेल्या, तेरा वेळा स्क्रीन उघडली की कोटा संपला. तारखेचा फिल्टर आणि एक लिमिट टाकलं, काम झालं.

पण ते शोधताना एपीके, म्हणजे फोनवर ॲप टाकायची फाइल, उघडून बघितली, ती झिपसारखी उघडते, आणि आत ॲसेट्सच्या फोल्डरमध्ये सर्व्हिस अकाउंटची (सर्व्हरला गुगलमध्ये शिरायला दिलेलं खातं) जेसन फाइल सापडली, 'बिगिन प्रायव्हेट की' पासून शेवटपर्यंत अख्खी. माझी झोप उडाली. ॲपमध्ये फायरबेसची साधी एपीआय की असते ती दिसली तरी चालते, तिथे राखण सिक्युरिटी रूल्स करतात, कुणी काय वाचायचं बदलायचं ते ठरवणारे नियम. सर्व्हिस अकाउंटची की मात्र सर्व्हरसाठी असते, ती घेऊन आत शिरलं की फायरस्टोअर रूल्स बघतच नाही, वाचा बदला पुसा सगळं चालतं. गेटवरून रहिवाशाला नोटिफिकेशन पाठवायचं तर गुगलची जुनी सर्व्हर की 2024 मध्ये बंद झाली आणि नव्या पद्धतीला सर्व्हिस अकाउंट लागतं, ते काम सर्व्हरवर करायचं सोडून ह्यांनी फोनमध्येच उरकलं. म्हणजे ज्याच्याकडे ॲप त्याच्याकडे चावी, आणि आमच्याकडे सकाळी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं नाव, नंबर, कुठल्या फ्लॅटमध्ये किती वाजता जातात, सगळं कुणालाही वाचता आलं असतं. मावशींना कुणी विचारलं पण नव्हतं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती गोळा करणाऱ्यानेच ती जपायची असं लिहिलंय.

ती की आम्ही कन्सोलमधून डिलीट करायला लावली आणि नोटिफिकेशन क्लाउड फंक्शनमध्ये, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या कोडमध्ये, नेलं. त्याला फायरबेसचा ब्लेझ नावाचा बिलाचा प्लॅन घ्यावा लागतो, कार्ड जोडावं लागतं, म्हणून कमिटीतले थोडे बिचकले, पण ठराविक वापर तिथेही फुकट असतो, पुढे वापराप्रमाणे बिल. फक्त बजेट अलर्टवर विसंबू नये, तो मेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.

आणि फायरबेसमधला अख्खा प्रोजेक्ट, म्हणजे ॲपचा डेटा आणि ताबा, करून देणाऱ्याच्या स्वतःच्या जीमेलवर होता! उद्या त्याने फोन उचलला नाही तर आमचाच डेटा आम्हाला मिळणार नाही. फेसबुकचं पार्स, फायरबेससारखीच सेवा, असंच खूप जण वापरत होते, 2016 च्या जानेवारीत बंद होणार म्हणून जाहीर झालं आणि साधारण वर्षभरात सगळ्यांना गाशा गुंडाळून दुसरीकडे जावं लागलं, अशा वेळी आपला डेटा आपल्या हातात असेल तरच नीट हलता येतं.

ऐरोली, घणसोली, तिकडे घोडबंदर रोड, सगळीकडे नव्या सोसायट्यांत असली ॲप्स येतायत. आपल्या पेपरात सोसायट्यांसाठी जागा असते, तिथे एवढं तरी छापा की प्रोजेक्ट सोसायटीच्या ईमेलवर करून घ्या, आणि सर्व्हिस अकाउंटची की कुठे ठेवली आहे ते करारात लिहून मागा, उत्तर 'ॲपमध्ये' असेल तर पैसे देऊ नका.

रविवारी आमची मीटिंग आहे. घरकामाला येणाऱ्या सगळ्यांना झाला प्रकार सांगायचा आणि तीन महिन्यांपेक्षा जुन्या नोंदी पुसायच्या, असे दोन ठराव मी मांडतोय.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई