बाबांचा लॅपटॉप आणि पॅसेजमधली वायर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

राउटरपासून बाबांच्या टेबलापर्यंत पॅसेजमधून जाणारी वायर काढून टाकायची, हे मी ठरवले आहे आणि ते काम करणाऱ्या माणसाला तसे सांगूनही ठेवले आहे. न विचारता ठरवले म्हणून आई रागावेल, हे मला ठाऊक आहे. पण रात्री उठताना बाबांचा तोल गेल्याचे ताईकडून कळले आणि तेव्हापासून ती वायर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. यात वयाचा काही संबंध नाही. अंधारात तिच्यात कोणाचाही पाय अडकेल.

बाबा, वायरीचे कनेक्शन वाय-फायपेक्षा स्थिर असते, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. तरीही तुमचे वाचन आणि आईचे व्हिडिओ कॉल यांना वाय-फाय पुरेसे आहे. लॅपटॉप तोच राहील, मोठी केलेली अक्षरे तशीच राहतील आणि खिडकीजवळची खुर्चीही हलणार नाही. फक्त त्या लॅपटॉपमध्ये वाय-फायचे कार्ड मुळातच बसवलेले आहे का, एवढे पाहायचे आहे. कोपऱ्यात ते पंख्यासारखे चिन्ह कधी दिसले नाही म्हणून आपण सगळे ‘त्यात वाय-फाय नाही’ असे धरून चाललो आहोत. पण कार्ड असूनही ते बंद असले किंवा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, नसला, तरी चिन्ह दिसत नाही.

आधी खुर्चीत नीट बसा. कीबोर्डवरचे चार चौकटींचे विंडोज बटण दाबून धरा आणि एक्स दाबा. डाव्या कोपऱ्यात जी यादी उघडेल, तिच्यातून डिव्हाइस मॅनेजर निवडा आणि ‘नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स’ या ओळीच्या डावीकडच्या बाणावर टिचकी मारा. खाली उघडणाऱ्या नावांपैकी एखाद्यात वायरलेस, वाय-फाय, डब्ल्यूलॅन किंवा ८०२.११ असे काही असेल, तर कार्ड आहे. ८०२.११ हा वायरलेस नेटवर्कच्या मानकाचा क्रमांक आहे. ते १९९७ साली आले आणि जुन्या कार्डांच्या नावात तो आकडा बऱ्याचदा सापडतो. इथर्नेट किंवा जीबीई लिहिलेली ओळ मात्र वायरीच्या जोडणीची आहे. ब्लूटूथच्या ओळीवरून काहीच ठरवू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

तिथे काही सापडले नाही, तरी लगेच निराश होऊ नका. पडद्यावरच्या त्याच खिडकीत ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे दिसले, तर ती चांगलीच बातमी समजा. वायरीवरून इंटरनेट चालते आहे, म्हणजे वायरीच्या भागाचा ड्रायव्हर जागेवर आहे. मग ओळख न पटलेला तो भाग बहुधा वाय-फायचे कार्डच असणार आणि त्याचा ड्रायव्हर मी इथूनच घालून देईन. लॅपटॉपच्या कडेला सरकवायचे एखादे छोटे बटण आहे का, तेही बोटाने चाचपून पाहा. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये वाय-फाय त्या बटणाने बंद होते. कीबोर्डजवळ सेंट्रिनो नावाचे स्टिकर असेल, तर तेही सांगा. इंटेलने २००३ साली ते नाव आणले, तेव्हा प्रोसेसर आणि चिपसेटबरोबर वायरलेस कार्डही इंटेलचेच असले तरच ते स्टिकर लागत असे.

खालचे झाकण मात्र उघडायचे नाही, बाबा. कार्डापासून निघालेल्या अँटेनाच्या केसासारख्या वायरी बिजागरीतून पडद्याच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात, हे वाचून तुमचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जाईल. दिवे गेले की तुम्ही फ्यूजची तार बदलत होता आणि टॉर्च धरायचा मान माझा असे. तुमचा हात हलला की मीही टॉर्च हलवीत असे. हा लॅपटॉपही आपण दोघे मिळूनच उघडू, मी आल्यावर. तोवर स्क्रू-ड्रायव्हर आईच्या ताब्यात राहील.

कार्ड नसेलच, तर यूएसबीत खोचायचे नखाएवढे अ‍ॅडॉप्टर मिळते. ते मी पाठवीन. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन प्रकारच्या लहरींवर चालते. ते अ‍ॅडॉप्टर किंवा जुने कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवरच चालणारे निघाले, तरी काही बिघडत नाही, कारण ५ गिगाहर्ट्झपेक्षा ते भिंतींतून अधिक चांगले पोचते आणि बाबांची खोली राउटरपासून दोन भिंतींपलीकडे आहे.

आई, तू शेजारी बसून डिव्हाइस मॅनेजरच्या त्या खिडकीचा फोटो काढ आणि मला पाठव. बाबांना वाकून अक्षरे लावायला लावू नकोस. वाय-फाय चालू झाल्याचे मी स्वतः पाहीपर्यंत वायरीला कोणी हात लावणार नाही, त्यामुळे एक दिवसही इंटरनेट बंद राहणार नाही. मात्र तोवर पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवायचा आहे, आणि झोपण्यापूर्वी तो बाबांनी मालवला नाही ना, हे तू पाहायचे आहेस.

तुमची,
धाकटी