ते विमानतळ नव्हे, पेट्रोल पंप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत छोट्या देशांच्या राजधान्यांच्या सदरात पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाच्या अस्मारावर अर्धं पान आलंय. या देशाचं नाव आपल्याकडे एरवी भूमध्य समुद्रात बोट बुडाल्याच्या बातमीत येतं, त्यामुळे पान उघडताच आनंद झाला. मग फोटोखालची ओळ वाचली. दोन्ही बाजूंना पंख पसरलेल्या इमारतीला आपण 'अस्माराचा जुना विमानतळ' म्हटलंय. तो विमानतळ नव्हे, पेट्रोल पंप आहे. 'फियाट तालियेरो' नावाचा, १९३८ साली जुझेप्पे पेतात्सी या इटालियन इंजिनिअरने बांधलेला. एकेक पंख साधारण पंधरा मीटर लांब, काँक्रीटचा, आणि खाली एकही खांब नाही. खांब असलेच पाहिजेत, असा नगरपालिकेचा हट्ट होता. म्हणून तात्पुरते लाकडी टेकू दिले, आणि ते काढायची वेळ आली तेव्हा हात लावायला कोणी धजेना. मग पेतात्सीने म्हणे पिस्तूल रोखून ते काढायला लावले. अस्मारात ही गोष्ट जो तो आपण समोर उभे असल्यासारखी सांगतो. पंख अजून जागेवर आहेत.

चूक काढण्यापुरतंच लिहायचं होतं, पण लेख पुन्हा वाचला आणि पत्र लांबलं.

मी २००४ ते २००७ अशी तीन वर्षं तिथे गणित शिकवलं. तेव्हा तिथल्या शाळा-कॉलेजांत भारतीय मास्तर इतके होते की रस्त्यात पोरं आम्हाला बघून 'हिंदी, हिंदी' अशी हाक मारत. शहर समुद्रसपाटीपासून २,३२५ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच. पहिले पंधरा दिवस दुसरा जिना चढलो की धाप लागायची. आपल्या लेखकाने वर्णन केलंय ते सगळं आहे: ताडाची झाडं, तांबूस विटांचं कॅथेड्रल, थोड्या अंतरावर मशीद, संध्याकाळी नीटनेटके कपडे करून हार्नेत या मुख्य रस्त्यावर फिरणारी माणसं, कॅपुचिनो. १९३७ चं 'इम्पेरो' थिएटर आहे. २०१७ साली युनेस्कोने शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेही बरोबर.

खटकलं ते पुढचं. रस्ते मोकळे, हॉर्न नाहीत, जुन्या इमारतींना धक्का नाही, आणि यावरून आमच्या शहरांनी शिस्त शिकावी असा समारोप. अहो, रस्ते मोकळे होते कारण पेट्रोल कुपनावर मिळायचं. माझ्या घरमालकांची जुनी फियाट मी होतो तोवर अंगणात ताडपत्रीखाली होती. ते दर रविवारी ताडपत्री काढायचे, काच पुसायचे, ताडपत्री पुन्हा घालायचे. इमारती टिकल्या कारण त्या पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसा नव्हता. आणि तरुण पोरं रस्त्यावर गोंधळ घालताना दिसली नाहीत, कारण ती सक्तीच्या लष्करी-सरकारी सेवेत होती. १९९५ च्या कायद्यात ही सेवा अठरा महिन्यांची आहे. १९९८ ते २००० इथिओपियाशी युद्ध झालं आणि त्यानंतर तिला शेवटच राहिला नाही. माझ्यासोबत शिकवणारा पदार्थविज्ञानाचा एक जण दहा वर्षं 'सेवेत'च होता, हातखर्चाएवढ्या पगारावर. बारावीचं वर्ष तर पोरांना सुदान सीमेजवळच्या सावा छावणीतच काढावं लागतं. मधूनच 'गिफ्फा' व्हायचा, म्हणजे रस्ते अडवून कागद तपासायचे आणि ज्याच्याजवळ ते नाहीत त्याला ट्रकमध्ये घालायचं. त्या दिवशी शहर आणखी शांत असायचं.

'छोटं रोम' हा शब्द लेखात चार वेळा आलाय. इटालियन राजवटीत ते रोम बांधताना ज्यांनी दगड वाहिले त्यांना त्या मुख्य रस्त्यावर फिरायची बंदी होती. रस्त्याला तेव्हा मुसोलिनीचं नाव होतं, आणि स्थानिकांची वस्ती पलीकडे उत्तरेला, आबा शाऊलच्या चढावर. आता तोच रस्ता 'हार्नेत' म्हणजे मुक्ती. पुढे इथिओपियाच्या ताब्यात गेलेला देश या लोकांनी तीस वर्षं लढून सोडवला. २४ मे १९९१ ला लढवय्ये अस्मारात शिरले आणि १९९३ च्या सार्वमतात ९९.८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. त्या लढवय्यांच्या पायात काळ्या प्लॅस्टिकच्या सँडल असायच्या, 'शिदा' म्हणतात त्यांना. शहरात त्या सँडलचंच भलंमोठं स्मारक आहे. सेनापतीचा घोड्यावरचा पुतळा नाही, चप्पल! मला ते फार आवडायचं.

लेखात रेल्वेला एकच ओळ मिळालीय, पण तिची गोष्ट याच हट्टी स्वभावाची आहे. मसावा बंदरापासून अस्मारापर्यंत ११८ किलोमीटर घाट. युद्धात रूळ उखडून खंदकांना लावले होते. स्वातंत्र्यानंतर परदेशी सल्लागारांना नको म्हणून सांगितलं आणि सत्तरी-ऐंशीतल्या निवृत्त रेल्वेवाल्यांना बोलावून मार्ग पुन्हा उभा केला. आणि सायकल! तिचं तर नावच नाही. इटालियनांनी आणलेला हा शौक तिथे आपल्याकडच्या क्रिकेटसारखा आहे. याच शहरातल्या बिनियाम गिरमाईने २०२४ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी मिळवली.

खाण्याबद्दल आपला लेखक पास्त्यावरच थांबलाय. बुधवारी-शुक्रवारी तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा उपास, त्या दिवशी मांस नाही, दूधसुद्धा नाही. माझ्यासारख्या शाकाहारी माणसाची चंगळ. 'शिरो' म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, लाल तिखट घातलेलं रटरटतं पिठलं. ते आंबवलेल्या मोठ्या जाळीदार ताइतावर ओतायचं आणि सगळ्यांनी एकाच ताटातून खायचं. ताइता म्हणजे आपली आंबोळी, फक्त परातीएवढी. पहिल्या घासाला मला घरच आठवलं. लिपीही तशीच. घरमालकांची नात पाटीवर अक्षरं गिरवत होती, ल, लु, ली, ला, ले... मी म्हटलं, अरे, ही तर बाराखडी! त्यांची सातखडी आहे एवढंच.

आणखी एक गोष्ट मराठी वर्तमानपत्रात तरी सुटायला नको होती. अस्मारापासून नव्वदेक किलोमीटरवर केरेन गाव आहे. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये तिथल्या डोंगरांत इटालियन फौजेशी जी लढाई झाली, तीत ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्यांत दोन भारतीय डिव्हिजन होत्या, आणि त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. २७ मार्चला केरेन पडलं, १ एप्रिलला अस्मारा. बेळगावच्या त्या रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत केरेनचं नाव आजही आहे. मी परवाना काढून एकदा तिथे गेलो. युद्धस्मशानात दहन झालेल्या हिंदू-शीख सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. मी नावांवरून बोट फिरवायला लागलो तेव्हा त्याने पाइप खाली ठेवला आणि मी निघेपर्यंत उचलला नाही.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. एकदा घरून गोडा मसाला आला, तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. माझा एक विद्यार्थी आला होता, त्याने तो कागद पसरला आणि एका चौकटीवर बोट ठेवून विचारलं, हे काय? ती वाचकांची पत्रं होती. मी अर्थ सांगितला: कोणाच्या गल्लीतलं गटार तुंबलंय आणि नगरसेवक फिरकत नाही.

'खाली काय लिहिलंय?'
'लिहिणाऱ्याचं नाव. गाव.'
'खरं नाव?'
'खरं.'
'मग त्याचं काय झालं?'
'काय होणार? गटार तसंच असेल.'

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मग उठून त्याने खिडकी लावून घेतली. त्याच्या देशात सप्टेंबर २००१ मध्ये एका फटक्यात सगळी खासगी वर्तमानपत्रं बंद केली होती. अध्यक्ष इसायास अफेवेर्की यांना जाहीर पत्र लिहून सुधारणा मागणारे मंत्री-सेनानी आत टाकले, पत्रकारही टाकले. 'सेतित' या वर्तमानपत्राचे पत्रकार दावित इसाक तेव्हापासून कोठडीत, खटला नाही. १९९७ ला मंजूर झालेली राज्यघटना कधी अमलात आली नाही, राष्ट्रीय निवडणूक आजवर झालेली नाही. २०१८ मध्ये इथिओपियाशी समेट झाला, तेव्हा वाटलं आता सक्तीची सेवा संपेल. नाही संपली.

तो विद्यार्थी पुढे सीमा ओलांडून सुदानमधल्या कासलामार्गे गेला, आता स्वीडनमध्ये बस चालवतो. नाताळात फोन करतो आणि न चुकता विचारतो, गटार दुरुस्त झालं का?

तेव्हा पेट्रोल पंपाची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती. कात्रण मला त्याला पाठवायचं आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, मिरज