न विचारता भरलेली जागा

माननीय संपादक,

बीटल्सवरचा कालचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरला पोचलं म्हणजे त्यावर जादा वाद्यं चढवणाऱ्या निर्माता फिल स्पेक्टरचं बरोबर होतं, हा लेखकाचा हिशेब मला मुळीच मान्य नाही.

१ एप्रिल १९७० ला स्पेक्टरने त्या गाण्यावर व्हायोलिनं, हार्प, बायकांचा कोरस असं सगळं चढवलं. ज्याचं ते गाणं, त्या पॉल मॅकार्टनीने ते नंतर ऐकलं. १४ एप्रिलला त्याने पत्र लिहिलं: वाद्यांचा आवाज कमी करा, हार्प काढा, पुन्हा असं करू नका. काहीही बदललं नाही. मूळ रेकॉर्डिंगमध्ये बँडमधल्या जॉन लेननने बास गिटार चुकीची वाजवली होती आणि ते झाकायला हवं होतं, हे खरं आहे. पण बँडचा ड्रमर रिंगो त्या दिवशी ड्रम वाजवायला आलाच होता. मॅकार्टनीलाही बास पुन्हा वाजवायला बोलावता आलं असतं.

माझे वडील अभंग गायचे. १९९१ मध्ये एका कंपनीने त्यांची कॅसेट काढली. साथीला पखवाज, टाळ आणि पेटी, एवढंच. 'विठ्ठल' म्हणण्याआधी ते किंचित थांबायचे. देवळात त्या क्षणी टाळकरीसुद्धा हात आवरायचे. कॅसेट घरी आली, तर नेमक्या त्या जागेत की-बोर्डवरची व्हायोलिनं भरलेली! वडिलांनी टेप मागे नेऊन तेवढंच तीनदा ऐकलं आणि विचारलं, "हे कुणी घातलं?" कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं, कॅसेट छान खपतेय, काळजी नसावी. खपलीही. आमच्या घरात मात्र वडिलांनी ती पुन्हा लावू दिली नाही.

मॅकार्टनीचं मूळ रेकॉर्डिंग, त्या लवाजम्याशिवायचं, १९९६ मध्ये बीटल्सच्या 'ॲन्थॉलॉजी ३' या अल्बमवर आलं. लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नाही! ते एकदा ऐका. पियानो आणि आवाज यांच्यामध्ये किती मोकळी जागा आहे ते कळेल. आमची मूळ टेप कंपनीने पुसून दुसऱ्या कामाला वापरली, असं पुढे कळलं.

आणखी एक. लेखातल्या फोटोखाली जॉर्ज हॅरिसनच्या जागी रिंगोचं नाव छापलं आहे. कृपया दुरुस्ती द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज