लांडगा हलवण्याआधी मेलेल्या कोंबड्या पुरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुणे जिल्ह्यातल्या सुपे, मोरगाव, इंदापूर, दौंडकडच्या माळांवर लांडग्यांनी मेंढरं मारली की "लांडगे पकडून न्या" ही मागणी पुन्हा जोर धरते. उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये २०२४ साली लांडग्यांनी लहान मुलांचे बळी घेतल्याच्या बातम्या सगळ्यांनी मोबाइलवर पाहिल्या आहेत, त्यामुळे वस्तीवरच्या आईबापांची धास्ती खोटी म्हणता येणार नाही. पण पकडून दुसरीकडे सोडणे हा उपाय जुन्नर भागात बिबट्यांच्या बाबतीत करून झाला आहे, आणि २००१ ते २००३ या काळात तिथे माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. लांडग्याची जागाही रिकामी राहत नाही. जोवर माळाच्या कडेला खाणे पडलेले आहे, तोवर दुसरी जोडी येणारच.

हे खाणे म्हणजे पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. रोजची मर पोत्यात भरून ओढ्यात किंवा गायरानाच्या कडेला टाकली जाते. काही जण खड्डा घेतात, पण तो दीड-दोन फुटांचा. त्याच रात्री कुत्री तो उकरतात. फुकटच्या खाण्यावर मोकाट कुत्र्यांची पिल्ले जगतात, टोळी वाढते आणि त्याच ढिगावर लांडगाही येतो. पिसाळ रोग (रेबीज) आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा साथरोग कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात ते अशाच जागी. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे. अशा संकरित जनावराला माणसाचा धाक कमी असण्याची शक्यता असते, म्हणून ही बाब फक्त वन्यजीवप्रेमींची नाही.

खड्डा किमान सहा फूट खोल हवा, विहीर आणि ओढ्यापासून लांब. कोंबड्यांच्या प्रत्येक थरावर चुना टाकावा आणि तोंडावर झाकण असावे. भरत आला की वर दोन-तीन फूट माती दाबून त्यावर बाभळीच्या फांद्या टाकाव्यात. पोल्ट्रीला ना हरकत दाखला देताना ग्रामपंचायतीने हा खड्डा प्रत्यक्ष पाहावा, एवढीच मागणी आहे.

आता वाड्याविषयी, म्हणजे रात्री मेंढरं बसवण्याच्या जागेविषयी. वाघूर (वाड्याभोवतीची जाळी) लावली म्हणजे मेंढरं सुरक्षित, हा समज घात करतो. लांडग्याला आत शिरावेच लागत नाही. तो बाहेरून फेरी मारतो, मेंढरं बुजून एका अंगाला लोटतात, जाळी त्यांच्याच भाराने आडवी होते आणि अंधारात पांगलेली दोन-चार हाती लागतात. खुंट्या दहा-दहा फुटांवर ठोकल्या की मध्ये जाळी झोळीसारखी लोंबते. पाच-सहा फुटांवर खुंटी, चार फुटांच्या वर उंची आणि खालची कड दगड किंवा मेखांनी जमिनीला दाबलेली, असे असेल तर ती तग धरते. वाऱ्याच्या बाजूला बोरी-बाभळीचे काटे लावावेत. कोकरं डाल्याखाली (मोठ्या टोपलीखाली) ठेवून डाल्यावर दगड ठेवावा. उघडझाप करणारा दिवा कामाचा आहे, पण एकाच जागी ठेवला तर लांडगा त्याला सरावतो. रोज जागा बदलावी. मुलांनी वाड्याच्या कडेला झोपू नये, मधोमध मोठ्यांच्या कुशीत झोपावे.

डिसेंबर-जानेवारीत लांडग्याची पिल्ले जन्मतात. या दिवसांत बिळाजवळ वाडा बसवू नये. बिळात धूर करणे किंवा दगड लोटणे गुन्हा आहेच, कारण लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; शिवाय त्याने मेंढरांचे काही भले होत नाही.

कुत्र्याला रात्री शेतात साखळीने बांधणे म्हणजे त्याला लढताही येऊ नये आणि पळताही येऊ नये अशी सोय. उसाच्या पट्ट्यात त्याला बिबट्याही उचलतो. दिवस मावळला की घरचे कुत्रे दाराआड घ्यावे. वाड्यावरच्या कुत्र्यांना मोकळे ठेवावे, एकापेक्षा जास्त ठेवावीत आणि गळ्यात रुंद खिळ्यांचा पट्टा घालावा. पिसाळ रोगाची पहिली लस तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. डिस्टेंपर आणि पार्वो (पिल्लांना होणारा जीवघेणा हगवणीचा रोग) यांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा. पिल्लाला एकच डोस देऊन थांबणे ही सर्रास होणारी चूक. दुसरी म्हणजे लस खिशातून वाड्यावर नेणे. ती २ ते ८ अंश तापमानात, बर्फाच्या डब्यातूनच न्यावी, नाहीतर सुई टोचल्याचे फक्त समाधान मिळते.

भर दिवसा एकटा लांडगा न बिचकता सरळ माणसांकडे येत असेल, दिसेल त्याला चावत सुटला असेल, तर तो पिसाळलेला समजावा. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. लगेच दवाखाना गाठून लस आणि जखमेत भरायचे सीरम दोन्ही घ्यावे. लांडग्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात, त्यामुळे सीरम टाळू नये. चावलेल्या मेंढरांनाही लस मिळते: ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. ती बाजारात विकू नयेत.

भरपाईबाबत एक अडचण वर्षानुवर्षे तशीच आहे. २०२२च्या शासन निर्णयानुसार मेंढी-शेळीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातली कमी रक्कम मिळते. त्यासाठी ४८ तासांत कळवावे लागते आणि पंचनाम्यापर्यंत मेलेले जनावर हलवता येत नाही. पण वाडा एका शेतात एक-दोन रात्रींसाठीच बसलेला असतो. पुढच्या शेताचा मालक बोलावतो, वनरक्षक दुसऱ्या दिवशी येतो, तोवर कुत्र्यांनी मढे ओढून नेलेले असते आणि नोंद होते "मोकाट कुत्र्यांचा हल्ला". म्हणून मढे ताडपत्रीने झाकून कडेला दगड ठेवावेत. गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणांचा आणि पायाच्या ठशाचा, शेजारी काडेपेटी ठेवून, फोटो काढावा. लांडगा सहसा गळा धरतो. कुत्री मागच्या मांड्या आणि कुशी फाडतात आणि बरीच जनावरे न खाताच टाकतात. ठशांत नखे उमटली नसतील तर तो बिबट्या असण्याचा संभव जास्त. १९२६ या क्रमांकावर फोन करून वेळ लिहून ठेवावी.

वनविभागाने फिरत्या मेंढपाळांसाठी जागेवरच्या फोटोवर प्राथमिक पंचनामा मान्य करावा. पशुसंवर्धन विभागाने कुत्र्यांच्या लसीकरणाची शिबिरे ऑक्टोबरमध्ये, लांडग्यांच्या विणीआधी घ्यावीत आणि गावातली किमान ७० टक्के कुत्री त्यात यावीत. शिबिर गावच्या चावडीत नको, वाडे उतरलेल्या माळावर हवे. ज्या कुत्र्याची लांडग्याशी रोज गाठ पडते ते चावडीत कधीच येत नाही.

आपले,
सुपे (ता. बारामती) परिसरातील काही मेंढपाळ व पशुवैद्यक