विषय: ऑक्सिजनचा हिशेब केवळ उड्डाणाच्या वेळेवर केल्याबद्दल तक्रार

प्रति,
उड्डाण सुरक्षा प्रमुख,
एअर अँब्युलन्स सेवा

महोदय,

गेल्या आठवड्यात तुमच्या विमानातून व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवला. रुग्ण सुखरूप पोहोचला, पण तुमच्या तयारीमुळे नव्हे.

बुकिंग 'बेड टू बेड', म्हणजे एका रुग्णालयाच्या बेडपासून दुसऱ्याच्या बेडपर्यंत होते. ऑक्सिजन मात्र तुम्ही उड्डाणापुरताच मोजला: मिनिटाला 10 लिटर, 70 मिनिटे, म्हणजे 700 लिटर, आणि थोडा राखीव धरून ई आकाराचे दोन सिलिंडर. प्रत्यक्षात वॉर्डातून गाडीपर्यंत 20 मिनिटे, रस्ता 40, विमानाशी थांबणे व रुग्ण चढवणे 25, उड्डाण 70, उतरवणे 15, पुढचा रस्ता 30. एकूण 200 मिनिटे, 2000 लिटर. भरलेल्या ई सिलिंडरमध्ये सुमारे 680 लिटर असतात. गेजवरचा दाब 200 पीएसआयवर (दाबाचे एकक) आला की तो बदलायचा, म्हणून हाती येतात 600च्या आसपास. दोन मिळून 120 मिनिटे. त्यातली 85 जमिनीवरच संपली होती. विमान निम्म्या वाटेवर असतानाच ऑक्सिजन संपला असता. आमचे दोन सिलिंडर बरोबर होते म्हणून निभावले.

तेही ठेवायला ब्रॅकेट नव्हते. स्ट्रेचरखाली आडवे घालून चादरीने बांधावे लागले. हवेच्या धक्क्यात असा सुटा सिलिंडर रुग्णावर किंवा नर्सवर आदळू शकतो, आणि त्याचा व्हॉल्व्ह तुटला तर पुढचे बोलायलाच नको.

किटमध्ये ईटी ट्यूबच्या (श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या) कफचा, म्हणजे तिच्याभोवती हवेने फुगवलेल्या फुग्याचा, दाब मोजायचा मॅनोमीटर नव्हता. केबिनमधली हवा 8000 फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ झाली की अडकलेली हवा सुमारे तिसऱ्या हिश्शाने फुगते. ईटी ट्यूबच्या कफचा दाब 20 ते 30 सेंटीमीटर पाण्याच्या मर्यादेत ठेवायचा असतो. तो वाढला तर श्वासनलिकेचे अस्तर दाबले जाते. उतरताना उलटे होते, कफ ढिला पडतो आणि हवा गळते. बोटाने चाचपून हे कळत नाही. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा मोजावेच लागते.

सगळ्यात गंभीर बाब वेगळीच. हवामान खराब असल्याने वैमानिक थांबले होते, तेव्हा तुमच्या कोऑर्डिनेटरने त्यांना तीनदा फोन करून 'पेशंट सीरियस आहे' असे सांगितले. जायचे की नाही हा निर्णय वैमानिकाने रुग्णाची अवस्था न कळता, फक्त हवामान आणि विमान पाहून घ्यायचा असतो. ते ठाम राहिले, याबद्दल त्यांचे आभार. केबिनचा दाब किंवा जादा वजन यांसारखी माहिती वैमानिकाला जरूर द्या, रुग्ण किती अत्यवस्थ आहे ते नको.

आमच्या मागण्या: बुकिंग फॉर्मवर बेड ते बेड मिनिटांचा ऑक्सिजन हिशेब आणि त्यावर किमान निम्मा राखीव, प्रत्येक सिलिंडरला ब्रॅकेट, किटमध्ये मॅनोमीटर, आणि वैमानिकाला असे फोन बंद. 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तोवर व्हेंटिलेटरवरचे रुग्ण तुमच्याकडे पाठवणार नाही.

आपले,
रुग्ण स्थलांतर पथक, अतिदक्षता विभाग